पडद्यावरचा चंद्र आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

एखादे चिन्ह चुकीचे असणे आणि ते खोटे असणे यांत भेद करावा लागतो. चूक ही ज्ञानातील उणीव असते. खोटेपणात सांगणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी असलेला संबंधच बिघडलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर हवामान दाखविणाऱ्या अ‍ॅपमध्ये तापमानाशेजारी चंद्रकलेचे जे लहानसे चित्र असते, ते यांपैकी कोणत्या कोटीत मोडते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अशा चित्रामागील गणित पुष्कळदा साधे असते. एका ज्ञात अमावास्येपासून 29.53 दिवसांचे मध्यम चांद्रमास मोजावयाचे आणि उरलेल्या दिवसांवरून आठ ठरावीक चित्रांपैकी एक निवडावयाचे. प्रत्यक्षात चंद्राची गती एकसारखी नसते. दोन अमावास्यांमधील काळ सुमारे 29.27 ते 29.83 दिवस असा बदलतो, आणि मध्यम मानाने काढलेली पौर्णिमा अर्ध्या दिवसाच्या आसपास ढळू शकते. शिवाय महिन्याचे आठ समान भाग केले की पूर्णबिंबाच्या वाट्याला साडेतीन दिवसांहून अधिक काळ येतो. शुद्ध चतुर्दशी, पौर्णिमा आणि वद्य प्रतिपदा यांना एकच चेहरा मिळतो. कोरही बहुधा उभी रेखाटलेली असते. 19 उत्तर अक्षांशाच्या आसपास मात्र फाल्गुन-चैत्रातील द्वितीयेची कोर होडीसारखी आडवी दिसते.

पनवेल तालुक्यातील रोडपालीच्या संदर्भात या तफावतीला अर्थ प्राप्त होतो. खाडीकाठच्या आगरी-कोळी जीवनात तिथी ही भरती-ओहोटीची भाषा आहे. तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हा आडाखाही ढोबळच आहे. पण वापरणाऱ्याला त्याचा ढोबळपणा ठाऊक असतो आणि दर दिवशीचे पाणी त्याची परीक्षा घेते. तेव्हा अदमासाला दोष देऊन भागत नाही.

इतिहासही हेच सांगतो. याच रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-चापांच्या खटपटीवाचून ग्रह काढता यावेत, म्हणून त्यांनी सूक्ष्मतेचा काही अंश जाणीवपूर्वक सोडला. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके या ग्रंथावर चालली. पुढे गणित आणि आकाश यांतील अंतर जाणवू लागले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांशी जुळणारे पंचांग 1865 पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यानंतरचे पंचांगवाद दीर्घकाळ चालले. ते चालू शकले, कारण पंचांगावर गणितकर्त्याचे नाव असते, गणित कोणत्या स्थळाचे आहे ते नमूद असते आणि तिथी केव्हा संपते हे मिनिटापर्यंत दिलेले असते. ज्याच्याशी भांडता येते, त्यालाच जाब विचारता येतो.

पडद्यावरच्या चंद्राची अडचण येथे आहे. चार्ल्स सँडर्स पर्स यांच्या वर्गीकरणात साम्याने अर्थ देणारी चिन्हे आणि वस्तूशी प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध असलेली चिन्हे वेगळी मानली जातात. तापमापकातील पारा दुसऱ्या प्रकारचा. आठांतून निवडलेले चित्र पहिल्या प्रकारचे. तापमानाच्या ओळीत बसताच मात्र ते चित्र मोजलेल्या वस्तूचा अधिकार धारण करते. ‘ते केवळ अलंकरण आहे’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. अलंकरण नोंदींच्या रांगेत उभे राहिले की ते विधान होते.

रोलाँ बार्त यांनी 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती वाचकाच्या मुक्ततेसाठी. साहित्यकृतीच्या बाबतीत तिचा लाभ मान्य करता येईल. मापनाच्या क्षेत्रात मात्र कर्त्याचे लोपणे वाचकाला मुक्त करीत नाही. त्याचा प्रश्न विचारण्याचा मार्गच ते बंद करते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारी स्त्री पंचांगातील वेळ आणि आकाश यांचा मेळ घालून पाहू शकते. पडद्यावरचे चित्र असा मेळ घालण्यासाठी वेळही देत नाही, स्थळही देत नाही.

म्हणून त्या चित्राकडून अपेक्षा अचूकतेची नाही. आपण किती अचूक आहोत हे सांगण्याची आहे. कोणत्या क्षणाचा, कोणत्या स्थळाचा आणि कोणत्या पद्धतीने काढलेला चंद्र, एवढे त्याखाली लिहिले तरी ती केवळ चूक ठरेल, आणि चूक सुधारता येते. हे न लिहिता अधिकाराची जागा घेणे हा नैतिक दोष आहे. चित्र योगायोगाने आकाशाशी जुळले, त्या रात्रीही तो नाहीसा होत नाही.