प्रारब्ध कुणाचं?

सुधारगृहातल्या माझ्या शिकवणीचा विषय निघाला, की इथल्या मराठी मंडळींत कुणीतरी हळहळून म्हणतंच, "काय करणार, ज्याचं त्याचं प्रारब्ध." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. मीही माळकरी घरातली, कर्म मानणारी. तरी हे वाक्य आता मला ऐकवत नाही.

मी साउथ कॅरोलायनात, कोलंबिया शहरात राहते आणि कोठडीतल्या मुलांना गणित शिकवते. पेन्सिली बोटभर लांबीच्या. तास संपला की रखवालदार मोजून परत घेतो. तेरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना जिभेचं टोक बाहेर काढतो आणि छेद समान करायला हमखास विसरतो. पोरगा उंच आहे. रखवालदार मला बजावतो, "जपून, मॅडम. हा काही लहान नाही."

फिलिप गॉफ या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 2014 साली नेमकं हेच तपासलं. दहाव्या वर्षापासून पुढे काळी मुलं लोकांना इतर मुलांपेक्षा कमी निरागस वाटतात. गंभीर गुन्ह्याचा संशय असेल, तर त्यांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं जातं. तेरा अधिक साडेचार: माझा विद्यार्थी बघणाऱ्याच्या नजरेत जवळजवळ सज्ञानच झाला. अमेरिकेतल्या मुलांत कृष्णवर्णीय सुमारे 15 टक्के. कोठड्या-सुधारगृहांत मात्र 40 टक्क्यांच्या आसपास.

इथून तासाभरावर अल्कोलू नावाचं गाव आहे. मार्च 1944 मध्ये तिथे दोन गोऱ्या मुलींचा खून झाला आणि चौदा वर्षांच्या जॉर्ज स्टिनीला पकडलं. जबाब घेताना जवळ ना आईवडील, ना वकील. वडिलांची लाकडाच्या गिरणीतली नोकरी गेली, कुटुंबाला गाव सोडावं लागलं. एका दिवसात खटला उरकला. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीला निर्णयाला दहा मिनिटं पुरली. 16 जून 1944 रोजी आमच्याच शहरात त्याला विजेच्या खुर्चीत मारलं. वजन जेमतेम 43 किलो. डिसेंबर 2014 मध्ये न्यायाधीश कार्मेन मलन यांनी त्याला दोषी ठरवणारा तो निकाल रद्द केला, कारण त्याला न्याय्य खटला मिळालाच नव्हता. मधे सत्तर वर्षं गेली.

याला प्रारब्ध म्हणायचं? मला कर्म शिकवलं ते माझ्यापुरतं: वाट्याला आलेलं सोसावं, पुढचं करताना जपावं. तेच दुसऱ्याच्या लेकराला लावलं, की चौकशीआधीच निकाल लागतो. तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर एकनाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पूर्वजन्मीचं काही असेल म्हणून तेही पुढे जाऊ शकले असते. धर्मशास्त्र जाणणारा माणूस तो, कारण शोधायला त्यांना कठीण नव्हतं. त्यांनी पोराला उचललं आणि त्याच्या घरी पोचवलं.

आणि कर्म करणाऱ्यालाच चिकटत असेल, तर हिशेब आधी त्या ज्युरीचा मांडा. दहा मिनिटांत जे केलं ते त्यांचं कर्म होतं. पोराच्या माथी का मारायचं? तेरा वर्षांच्या मुलाकडे बघून त्याला मोठा ठरवणारी नजर हेही कर्मच. मराठी मंडळींत पुन्हा प्रारब्धाची गोष्ट निघाली, तर मी एवढंच म्हणणार आहे: शनिवारी माझ्याबरोबर वर्गात चला, अपूर्णांक शिकवायला आणखी एक माणूस हवाच आहे.