नियम सर्वांचे, चेहरा ज्याचा त्याचा

कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांचा ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ २००७ मध्ये फेसबुकवर आला आणि जगभरचे लाखो लोक तो खेळू लागले. खेळ सरळसरळ ‘स्क्रॅबल’च्या वळणाचा होता. उत्तर अमेरिकेबाहेर स्क्रॅबलचे हक्क असलेल्या मॅटेल कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २००८ मधला त्या न्यायालयाचा अंतरिम आदेश घरच्या लॅपटॉपवर गेम बनवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. नावाच्या मुद्द्यावर मॅटेल जिंकली. ‘स्क्रॅब्युलस’ या नावाने ग्राहकाची गल्लत होते, म्हणून ते वापरायला मनाई झाली. कॉपीराइटच्या मुद्द्यावर मात्र कंपनीच्या पदरी काही पडले नाही. भावांनी ‘लेक्स्युलस’ हे नवे नाव घेतले आणि खेळ चालू राहिला.

कल्पना मोकळी, मांडणी राखीव, हे यामागचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले होते. आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला, अशी आनंद यांची तक्रार होती. विषय एक असला तरी मांडणी निराळी आहे, म्हणून तक्रार फेटाळली गेली. हे तत्त्व नसते तर खेळांची परंपराच खुंटली असती. आपली पचिसी इंग्लंडला गेली, सोपी होऊन १८९६ मध्ये लुडो या नावाने तिचे पेटंट निघाले, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ करून तिला मोबाइलवर आणले. नियम असे हातोहात फिरतात, म्हणूनच नवे खेळ जन्मतात.

पण नियम मोकळे म्हणजे सगळेच मोकळे, असे समजणारे फसतात. ‘टेट्रिस’सारखा ‘मिनो’ हा आयफोन गेम काढणाऱ्या झिओ कंपनीने कायदा आधी अभ्यासला होता आणि आपण फक्त नियम घेतले, असा तिचा दावा होता. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने दोन्ही खेळांचे पडदे शेजारी ठेवून पाहिले. ठोकळ्यांचे आकार, त्यांचे रंग, वीस बाय दहाची चौकट, सगळे इतके सारखे होते की झिओ हरली. आपल्याकडेही नागराज या कॉमिक नायकाशी मिळताजुळता ‘नागेश’ बाजारात आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला रोखले. तिसरा धोका पेटंटचा. ‘पालवर्ल्ड’ या गेममधले प्राणी पोकेमॉनसारखे दिसतात, अशी चर्चा जगभर झाली, पण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या न्यायालयात गेल्या त्या पेटंटचा आधार घेऊन.

हे सगळे बुलढाणा जिल्ह्यात बसून का वाचायचे? कारण गोडो किंवा युनिटीसारखे गेम इंजिन आज शेगाव-चिखलीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यालाही फुकट मिळते, आणि त्याचा गेम पहिल्याच दिवशी टोकियोपर्यंत पोहोचतो. पोहोच जागतिक आणि ऐपत घरगुती, यातच खरी अडचण आहे. आपल्या कॉपीराइट नियमांनुसार हक्कदाराची रीतसर तक्रार आली की मजकूर दाखवणाऱ्या मध्यस्थाने ३६ तासांत तो रोखायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर त्याला तो पुन्हा खुला करता येतो. नव्या गेमचे आयुष्य अनेकदा पहिल्या तीन आठवड्यांतच ठरते. शिवाय कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्ही कायद्यांत वादीला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची मुभा आहे. म्हणजे तारीख दिल्ली-मुंबईची पडू शकते. ज्याचे म्हणणे कायद्याने रास्त आहे, तोही वकिलाची फी आणि रेल्वेची तिकिटे मोजून माघार घेतो. हा अन्याय आहे, आणि तो टाळायचा तर तयारी आधीच हवी.

शिकताना नक्कल जरूर करावी. हात तसाच तयार होतो. पण गेम प्रसिद्ध करताना नाव, पात्रे, रंगसंगती, संगीत स्वतःचे असावे. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४१ मध्ये शोध घ्यावा. मित्राने चित्रे काढली, मैत्रिणीने संगीत दिले, तर हक्कांचे हस्तांतर लेखी करावे आणि त्यात मुदत व प्रदेश लिहावा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतर फक्त भारतापुरते.

आणि स्वतःचे म्हणजे काय, हे या जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. लोणारचे उल्काविवर, दैत्यसूदन मंदिर, लवणासुराची कथा, सिंदखेडराजातील लखुजी जाधवांचा वाडा आणि जिजाऊंचे बालपण यांवर कुणाचाही कॉपीराइट चालत नाही. इथेही सावध राहावे. जिजाऊ सर्वांच्या आहेत. पण एखाद्या मालिकेतला त्यांचा पोशाख, चित्रपटातला संवाद, हयात चित्रकाराने रंगवलेला चेहरा सर्वांचा नाही. स्वतःच्या जिजाऊ उभ्या करायच्या तर वाड्यात जाऊन दगड पाहावे लागतात, जुनी कागदपत्रे वाचावी लागतात. कायद्याच्या धाकाने का होईना, हा अभ्यास घडला तर गेम अधिक चांगलाच होईल.

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी प्रोग्रॅमिंगच्या जोडीला एवढा कायदा शिकवावा, आणि जिल्हा वकील संघांनी अशा मुलांना पहिला सल्ला विनामूल्य द्यावा. प्रसिद्ध खेळाची सावली धरून मिळालेले गिऱ्हाईक त्या खेळाचेच असते. तुमच्या नावाने परत येणारा खेळाडू तुमचा. त्याच्यासाठी केलेली मेहनत कुठल्याही नोटिशीने हिरावली जात नाही.