गुण, गुणवत्ता आणि अंदाज

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या काकांनी मसालेभात वाढून घेता घेता विचारलं, "काय, मुलीचा एस.ए.टी. किती?" मी आकडा सांगितला. "बरा आहे," असं म्हणून ते श्रीखंडाकडे वळले. मुलगी मागेच उभी होती. घरी परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, त्या नंबरावरून काकांना माझ्याबद्दल नक्की काय कळलं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज प्रयत्न करतो.

आमच्या वेळी हा प्रश्नच पडत नसे. १९९८ साली मी बारावी झालो. इंजिनिअरिंगचा प्रवेश फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताच्या गुणांवर ठरायचा. माझ्या बाकावरचा मित्र गणितात माझ्यापेक्षा सरस, पण ऐन परीक्षेत तापाने फणफणला होता. मला जागा मिळाली, त्याची तीन गुणांनी हुकली. पुढे मी शब्दांच्या याद्या घोकून जी.आर.ई. दिली, एम.एस.साठी अमेरिकेत आलो आणि इथेच स्थिरावलो. म्हणजे माझी निवड बरोबर ठरली, असं कुणीही म्हणेल. पण ती जागा मित्राला मिळाली असती तर? ते कुणी तपासलंच नाही, आणि तपासणार तरी कसं?

या विषयावर अमेरिकेत भरपूर अभ्यास झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ८०,००० विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २००७ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की, चार वर्षांतल्या यशाचा अंदाज प्रवेश परीक्षेपेक्षा शाळेतल्या गुणांवरून अधिक चांगला येतो. त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या समितीने २०२०च्या जानेवारीत सांगितलं की, पहिल्या वर्षाच्या गुणांचा अंदाज परीक्षेवरूनच जास्त चांगला येतो. तरीही त्या मे महिन्यात विद्यापीठाने एस.ए.टी. टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. उलट एम.आय.टी.ने करोनाच्या काळात थांबवलेली अट २०२२ साली परत आणली. जिथे वरच्या पातळीचं गणित शिकवलंच जात नाही अशा शाळेतल्या मुलाला आपली तयारी दाखवायला परीक्षा हाच मार्ग उरतो, हे त्यांचं एक कारण होतं. मला ते पटतं. परीक्षा काढून टाकली की न्याय आपोआप होतो असं नाही. निबंध आणि छंदवर्गांनाही पैसे लागतातच.

पण या सगळ्या अभ्यासांना एक मर्यादा आहे. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचेच निकाल आपल्यासमोर येतात. ज्यांना नाकारलं त्यांनी तिथे काय केलं असतं, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं. दुसरं म्हणजे, अंदाज हजारोंच्या गटाचा असतो, निकाल मात्र एकेका मुलाचा लागतो.

कधीतरी दार चौकटीबाहेरच्या माणसासाठी उघडतं. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि आपला हेतू मांडला. कॉलेजने त्यांना घेतलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, प्रॅक्टिस सुरू करण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं. मग ती जागा वाया गेली का? तसं म्हणायला आपल्यापैकी कुणाचीही जीभ रेटणार नाही. म्हणजेच यश कशाला म्हणायचं, हे आधी ठरवल्याशिवाय त्याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

शिवाय अंदाज अचूक असला म्हणून निवड न्याय्य होते का? आईवडिलांच्या उत्पन्नावरूनही मुलाच्या गुणांचा थोडाफार अंदाज बांधता येतो. म्हणून उत्पन्नाचा दाखला बघून जागा वाटलेल्या आपल्याला चालतील? नाही ना? मग गुणांचा आकडा हातात घेतानाही, त्यात मुलाचं किती आणि परिस्थितीचं किती, हे विचारायला हवं. आम्ही कॉम्प्युटरवाले तर रोज अर्ज चाळतो. जी.पी.ए.ची चाळणी लावून मीही कित्येक अर्ज न वाचता बाजूला केले आहेत. वेळ वाचतो, हे खरं. पण गेल्या वर्षीपासून मी त्या बाजूच्या ढिगातले काही अर्ज काढून वाचतो.

तेव्हा मुली, तुझं उत्तर असं. त्या नंबरावरून काकांना एवढंच कळलं की, एका शनिवारी सकाळी ठरावीक प्रश्न तुला किती जमले. ते अगदीच क्षुल्लक नाही, मेहनत कर. पण तुला प्रवेश मिळाला तर "मी लायकच होते" असं म्हणण्याआधी, तीन गुणांनी बाहेर राहिलेल्या कुणाची तरी आठवण ठेव. मला ती ठेवायला पंचवीस वर्षं लागली.