दहापर्यंतचं गणित

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी, आरोग्यक्षेत्रातल्या नव्या कल्पनांच्या स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, न चालणारा प्रोजेक्टर असं सगळं यथासांग होतं. दुपारच्या जेवणानंतर, सभागृह पेंगायला लागलेलं असताना, एक आशाताई मंचावर आल्या. त्यांच्या हातात जुन्या साडीची एक लांबट पट्टी होती. पट्टीवर दोन ओळींत सात-सात कप्पे शिवलेले. वरच्या ओळीला पिवळा दोरा, म्हणजे सकाळ. खालच्या ओळीला काळा, म्हणजे रात्र. वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बीपी-शुगरच्या आठवड्याच्या गोळ्या त्यात बसत.

आम्ही तिघे परीक्षक. एकाने विचारलं, "हे स्केल कसं करणार?" दुसऱ्याने खर्चाचा हिशोब मागितला. मी तर आणखी पुढे गेले. म्हटलं, "ताई, याचं छान ॲप होऊ शकेल." ताई "बरं मॅडम" म्हणाल्या आणि पट्टी गुंडाळून खाली उतरल्या. त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मार्गदर्शन केल्याचं समाधान घेऊन मी घरी आले.

ते समाधान किती खोटं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी थोडं गडचिरोलीबद्दल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठं कारण होतं. विदर्भात लोक त्याला 'डबा' म्हणतात. औषध माहीत होतं, स्वस्तही होतं. प्रश्न होता तो निदानाचा. डॉक्टर दूर, एक्स-रे त्याहून दूर. जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी त्या मानाने सोपी होती : खोकला असलेल्या मुलाचे मिनिटाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. पण गावात बाळाच्या सगळ्यात जवळ असायची ती सुईण. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं आणि साठपर्यंत मोजताही येत नव्हतं.

अशा वेळी शिकलेल्या माणसाला पहिलं काय सुचतं? सुईणींचा साक्षरता वर्ग काढावा. नाहीतर 'यांच्याकडून हे व्हायचं नाही' म्हणून शिकलेली माणसं नेमावीत. गडचिरोलीत प्रश्नच उलटा धरला : तिला काय येत नाही ते राहू दे, येतं काय? दहापर्यंत मोजता येतं. मग दहाचंच यंत्र करू. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्यांच्याहून मोठ्यांसाठी, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच जलद असतो. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. पाटीवर मणी सरकवत आपण सगळेच अंक शिकलो. तीच पाटी इथे निदानाचं साधन झाली.

या यंत्राचा शोध कोणी लावला? बंग दांपत्याने, हे खरंच. पण सुईणीच्या 'दहा'शिवाय ते यंत्र झालंच नसतं. तिची मर्यादा हेच त्या यंत्राचं मोजमाप. तळागाळातल्या संशोधकांना 'मेंटॉर' करायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट उशाशी ठेवावी असं मला वाटतं. 'मार्गदर्शक' या आपल्या शब्दातच एक गृहीत दडलेलं आहे : वाट मला माहीत आहे, तुला नाही. वाडीवरच्या आरोग्याच्या कामात बहुतेकदा वाट तिलाच माहीत असते. रोज तीच पायाखाली घालते. आपल्याला माहीत असतात त्या वाटेवरच्या काही दरडी, त्याही सगळ्या नव्हेत. म्हणून मला 'पाठीराखा' हा जुना शब्द जास्त नेमका वाटतो. पाठीराखा पुढे चालत नाही, पण पाठही सोडत नाही.

पाठ न सोडणं किती लांबचं काम असतं, ते जामखेडमध्ये दिसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं. प्रशिक्षित नर्सबाई खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, बऱ्याच दलित कुटुंबांतल्या. एकदाचं शिबिर घेऊन, प्रमाणपत्र देऊन विषय संपला नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गावात काय घडलं ते सांगत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. हे वर्षानुवर्षं चाललं. आजच्या तीन दिवसांच्या नवकल्पना शिबिरांना हा हिशोब झेपणारा नाही. तिथे चौथ्या दिवशी मार्गदर्शक विमानात असतो आणि कल्पना फायलीत.

इथवर वाचून कोणाला वाटेल, लेखिका खेड्यातल्या शहाणपणाची आरती ओवाळते आहे. तसं नाही. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. 'गावातलं म्हणून चांगलं' हे मला पटत नाही. डबा झालेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देणं हाही तळागाळातलाच उपाय आहे. तो देणारी माणसं दुष्ट नसतात, काहीतरी करायला हवं या तळमळीनेच ती ते करतात. शेतातलं नवं अवजार फसलं तर एक हंगाम वाया जातो. आरोग्यातला उपाय फसला तर जीव जातो, आणि फसला हे कळतही नाही. 'आयुष्यच तेवढं होतं' म्हणून त्यावर माती पडते. म्हणून इथल्या पाठीराख्याकडे मायेइतकीच मोजणीही लागते.

गडचिरोलीत ती होती. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तेव्हा 39 गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन, ताप, श्वास बघायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही द्यायला शिकवलं. गावातल्या बाईच्या हाती सुई, ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना पचणारी नव्हती. पण शेजारी तुलनेसाठी वेगळी गावं ठेवली होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होत होती. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्क्यांनी उतरला होता. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाच्या तपासणीचा कार्यक्रम देशभर नेला. त्या बायकांच्या बाजूने बोलायला आकडे उभे होते. पाठ राखणं म्हणतात ते हेच : तिचं काम इतकं चोख मोजायचं की उद्या कोणी 'हिला काय कळतं' म्हणालं, तर उत्तर तयार असावं.

आता श्रेयाचं बघू, कारण सगळं बिनसतं ते तिथे. जयपूर फूट आपल्याला ठाऊक असतो. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी केलेला. आपल्याकडे माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. त्याच्यासाठी रबराचा, वाकणारा, खऱ्या पावलासारखा दिसणारा पाय घडला तो दोन माणसांच्या हातून. डॉ. पी. के. सेठी यांना शरीरशास्त्राची जाण होती, आणि फारसं न शिकलेल्या, पण हातात पिढीजात कसब असलेल्या रामचंद्र शर्मांना वस्तूची. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. तो योग्यच होता. पण आज किती वाचकांना दुसरं नाव माहीत असतं? डॉक्टरांनी काय केलं हे कागदावर उतरतं, कारागिराने काय केलं ते वस्तूत मुरून जातं. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' उभं केलं ते याच दुखण्यावर बोट ठेवून. मधमाशी मध नेते तेव्हा फूल गरीब होत नाही, उलट परागीभवन होतं. तसं लोकांचं ज्ञान गोळा करणाऱ्याने ते त्यांच्या नावानिशी मांडावं आणि त्यांच्या भाषेत त्यांना परत सांगावं, असा त्यांचा आग्रह.

'त्यांच्या भाषेत परत' हे शब्द मला विशेष टोचतात. आम्ही त्या आशाताईंना 'स्केल', 'ॲप' म्हणालो. त्यांनी उलट विचारलं नाही, कारण मंचावर उलट विचारायचं नसतं, एवढं आपल्या व्यवस्थेने त्यांना नीट शिकवलेलं आहे. 2005 पासून आशाताई दारोदार फिरताहेत, केलेल्या कामाच्या मोबदल्यावर. एवढा घराघरांचा अनुभव देशातल्या कुठल्या संशोधन संस्थेकडे असेल? पण वरून खाली जातात ते फॉर्म, आणि खालून वर येतात ते भरलेले फॉर्म. 'तुम्हाला काय सुचतं?' हा रकाना त्यात नसतो.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी मी त्यांच्या वाडीकडे गेले. ताई भेटल्या, म्हणाल्या, "चला, दाखवते." एका घरापाशी थांबल्या. दार उघडं होतं. त्या आत गेल्याच नाहीत, दारातूनच नजर टाकली. समोरच्या भिंतीवर, चुलीपासून लांब, दाराच्या रेषेत ती पट्टी टांगलेली. "बुधवारची रात्रीची राहिलीय," म्हणाल्या आणि आजींना हाक मारली.

"घरात शिरून विचारलं, गोळी खाल्ली का, तर आजी खाल्ली म्हणतात. आपण कशाला खोटं पाडायचं? दारातनं दिसतं ना. सून बघते, शाळेतला नातू बघतो, शेजारीण बघते."

त्या दिवशी सभागृहात आम्ही तिघांनी कापड पाहिलं, दोरा पाहिला, खर्च विचारला. ही पट्टी कुठे टांगता, एवढं एकानेही विचारलं नाही. ताईंची सारी कल्पना त्या खिळ्यात होती. फोनमधलं ॲप फक्त फोन धरणाऱ्याला दिसलं असतं. इथे सगळ्या घरादाराची नजर म्हाताऱ्या माणसावर, आणि तीही त्याचा अपमान न करता.

मग मी माझं काम केलं. कप्प्यातल्या गोळ्या पाहिल्या. पावसाळी दमट हवेत सुटी गोळी खराब होते, म्हणून ताई पाकिटाचे कात्रीने एकेक तुकडे करून ठेवत. शहाणपण होतंच. पण तुकडे केले की गोळीचं नाव आणि मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि बाकीचे तुकडे निनावी होतात. दोन पांढऱ्या गोळ्या शेजारी आल्या तर घोटाळा. मी तेवढंच सांगितलं. काय करावं ते सांगितलं नाही. सांगायचा मोह झाला होता, कप्प्यांवर लावायच्या छापील चिठ्ठ्यांचा बेत मनात तयारही होता. पण जीभ आवरली.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तारखेच्या उलट्या बाजूनं कापत येते. आणि तारखेचा तुकडा शेवटी राहील तो ठेवायला एक कप्पा जास्तीचा शिवते. दोन औषधं असली तर दोन शिवते."

पट्टी त्यांनी खिळ्यावरून काढून घेतली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिला पंधरावा कप्पा होता. लाल दोऱ्याचा.