कोठार कुणाचे?

दामाजीपंतांची कथा मराठवाड्यातल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. पंत मंगळवेढ्याचे सरकारी अधिकारी. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांना खुले केले, दरबारातून पकडून आणण्याचा हुकूम सुटला आणि ते बेदरला पोचण्याआधीच विठोबाने विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याची पै न्‌ पै चुकती केली. कीर्तनकार इथे देवाच्या भक्तवत्सलतेकडे वळतो आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. पण कथेतला एक प्रश्न तसाच राहतो: ते धान्य मुळात कुणाचे होते? सारा म्हणून कुणब्याच्या खळ्यावरून उचललेले धान्य उपासमारीत त्याच्याच घरी परत गेले, तर ते दान की परतफेड? दान म्हणावे, तर पंतांनी दुसऱ्याची वस्तू वाटली आणि ते अपराधी ठरतात. परतफेड म्हणावी, तर बादशहाला किंमत मागायचा अधिकारच उरत नाही. कथेने हा पेच देवावर सोपवला. अर्थसंकल्पाला तशी सोय नाही, आणि तिथे माझे मत परतफेडीच्या बाजूचे आहे.

या मताला आपल्या परंपरांत आधार कमी नाही. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाचा कर सूर्याने शोषलेल्या पाण्यासारखा म्हटला आहे: घेतो ते हजारपटीने परत देण्यासाठी. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यात चोरी-लुटालूट माजलेली असताना पुरोहित राजाला नवा कर बसवू नकोस, शिक्षाही वाढवू नकोस असे सांगतो. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे, असा त्याचा सल्ला आहे. इस्लामने तर जकात ऐच्छिक ठेवलीच नाही. श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे असे कुराण सांगते, आणि जकात कुणाला द्यायची त्याचे आठ वर्ग ठरवून देते. या तिघांपैकी कुणीही राजाला दाता मानलेले नाही. तो पोहोचवणारा आहे. दिलीपाच्या उपमेत एक उणीव मात्र आहे. पाऊस कुठे पडणार हे ती सांगत नाही, आणि पावसाच्या भरवशावर कापूस-सोयाबीन पेरणाऱ्या जालना जिल्ह्याला नेमके तेच विचारायचे असते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. 21 ते 65 वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलेच्या खात्यात दरमहा 1500 रुपये. पैसा थेट बाईच्या हातात पडावा हे धोरण उत्तमच आहे. ज्या घरात पिकाची पट्टी, उचल आणि कर्ज सगळे पुरुषाच्या नावावर असते, तिथे या रकमेचे मोल 1500 पेक्षा मोठे ठरते. माझा आक्षेप देण्याच्या रीतीला आहे. पहिले हप्ते राखी पौर्णिमेच्या तोंडावर आले आणि व्यासपीठांवरून ती भावाची ओवाळणी ठरली. ओवाळणीचा हिशेब बहीण मागत नाही, आणि भाऊ ती कधीही आखडती घेऊ शकतो. निवडणुकीत 2100 रुपयांचे आश्वासन दिले गेले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद झाली, पण वाढीव रक्कम आली नाही. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. एका बहिणीच्या ताटातले दुसरीच्या ताटात गेले आणि दोघींपैकी कुणालाही त्याविरुद्ध दाद मागायची जागा नव्हती.

याउलट रीत महाराष्ट्रानेच एकदा घालून दिलेली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना 1972-73 च्या दुष्काळात राज्यभर कसाला लागली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडणारे, नालाबांध आणि पाझर तलाव खोदणारे हात, त्यात बायकांचे फार मोठ्या संख्येने. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच; पण तो मागता येत होता आणि नाकारणाऱ्याला उत्तर द्यावे लागत होते. पैसा कुठून यायचा तेही लिहून ठेवलेले होते: 1975 च्या कायद्याने पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, त्याच्या जोडीला इतर काही अधिभार, आणि त्यातून जमा होईल तेवढीच भर राज्याच्या तिजोरीतून. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा गावातल्या बांधावर मजुरी म्हणून पोचत होता. देणाऱ्याला पुण्य मिळाले नाही, घेणाऱ्याला आभार मानावे लागले नाहीत. मला हीच धर्माची रीत वाटते.

यावर शहरातला पगारदार दोन आक्षेप घेतो, आणि दोन्हींत वजन आहे. पहिला असा की शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मग न भरणाऱ्याने परतफेड कसली मागायची? पण शेतकरीही कर भरतोच. बदनापूरच्या कृषी सेवा केंद्रात कपाशीवर फवारायला हजार रुपयांचे रासायनिक कीटकनाशक घेतले, तर बिलात 180 रुपये जीएसटी लागतो. कारखानदार असा कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला आपल्या मालावर जीएसटी भरावा लागत नाही, म्हणून त्याला ही वजावट मिळत नाही आणि ते 180 रुपये त्याच्याच अंगावर राहतात. पीक हाती लागो न लागो. 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दाखवले होते: प्राप्तिकर कमाई झाली तरच लागतो, जमीनमहसूल मात्र पीक बुडाले तरी द्यावाच लागतो. महसुलाचा भार आज हलका झाला. ती रीत बिलात जाऊन बसली. दुसऱ्या टोकाला, ऑगस्ट 2022 मध्ये आयकर विभागाने जालन्यातल्या पोलाद व्यवसायाशी संबंधित ठिकाणी छापे घातले आणि 50 कोटींहून अधिक बेहिशेबी रोकड मिळाल्याचे जाहीर केले. कर लपवायलाही ऐपत लागते. दामाजीपंतांची थकबाकी चुकती करायला देवाने गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेतले, सावकाराचे नाही; कथाकाराला हिशेब कळत होता.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. सक्तीने घेतलेल्यात धर्म कुठला, आणि फुकट मिळण्याची सवय लागली तर कष्टाची चाड कशी राहील? पहिल्या अर्ध्याचे उत्तर जकातीने दिलेलेच आहे. आपल्याकडेही ऋणत्रयाची कल्पना ऋण नाकारण्याची मुभा देत नाही, ते फेडायला लावते. उरलेल्या अर्ध्याबद्दल एवढेच, की फुकटाची चिंता आपल्याला निवडक ठिकाणीच वाटते. मराठवाडा-विदर्भातल्या उद्योगांना 2016 साली वीजदरात सवलत मिळाली आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांना ती लागू झाली. मागास भागात रोजगार टिकावा म्हणून ती द्यावी, माझी हरकत नाही. पण ती शासन निर्णयाने, ठरलेल्या निकषांवर, थेट वीजबिलात आली. त्यासाठी कारखानदाराला कुणाला ओवाळावे लागले नाही. शिवाय हक्काने आळस वाढतो हे रोजगार हमीने खोटे ठरवले, कारण तिथे खडी फोडल्याशिवाय मजुरी नव्हती. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच खर्चलेली, पोरांची शाळा अर्ध्यावर. त्या जोडप्याला गावात काम मिळण्याची खात्री असती, तर उचल नाकारण्याची ताकद तरी आली असती. दरमहा 1500 रुपयांनी ती येत नाही.

मात्र हमीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तिच्या पैशाकडेही पाहिले पाहिजे, आणि इथे मी पगारदाराच्या बाजूने उभा आहे. व्यवसाय कर आजही चालू आहे. पगाराच्या पावतीवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 अशी त्याची ओळ असते, वर्षाचे 2500. महिना साडेदहा हजार मिळवणारा गिरणीतला कारकून 2500 भरतो आणि महिना दहा लाख घेणारा मुंबईतला अधिकारीही 2500 भरतो. स्त्रियांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर 2023 पासून सूट मिळाली, हे चांगले झाले. पण वरच्या टोकाला कुणी हात लावला नाही. राज्य सरकारला तो लावताही येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा आहे. ती 1988 साली 250 वरून वाढवली, त्यानंतर नाही. म्हणून मागण्या दोन आहेत. लाडक्या बहिणीचा हप्ता विधिमंडळाने 1977 सारख्या कायद्यात बसवावा: रक्कम, तारीख, निधीचा स्रोत आणि अपिलाची जागा यांसकट. आणि राज्यातल्या 48 लोकसभा खासदारांनी कलम 276 ची मर्यादा उत्पन्नाशी जोडण्याची दुरुस्ती संसदेत मांडावी. जालन्याच्या मतदारांनी पुढच्या प्रचारसभेत हप्ता किती वाढवणार हे विचारण्याआधी तो कायद्यात कधी लिहिणार, हे विचारावे.