दुरून पाहिलेली निवडणूक

जुलै २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी निवडून आल्या, तेव्हा मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होते. परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्या येत होत्या आणि सगळ्यांचा सूर एकच होता: भारताला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली, पद मात्र मुख्यतः नामधारी. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण भाजपबरोबर युतीत असूनही शिवसेनेनं त्या पक्षाचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावत यांना सोडून मराठी उमेदवाराला मतं दिली, हे त्या मजकुरात नव्हतं. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ आणि सिक्कीममधल्या आमदाराच्या मताचं ७, हेही नव्हतं. मग ती बातमी खरी म्हणायची की अपुरी?

जैन दर्शनानं हा प्रश्न फार खोलात जाऊन हाताळला आहे. वस्तूला अनंत धर्म असतात आणि एका बाजूनं पाहणाऱ्याला त्यातला एखादाच दिसतो. असं अंशज्ञान म्हणजे नय. त्यात दोष नाही. आपल्याला दिसलेला अंश हीच पूर्ण वस्तू मानून बाकीचे अंश नाकारले, की तो दुर्नय होतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी आणि पुढे ‘स्याद्वादमंजरी’त मल्लिषेणांनी हा भेद नेमका मांडला.

या कसोटीवर आपणही उतरायला हवं. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत आपल्याकडे कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या तमिळनाडूतल्या मूळ गावी, तुळसेंद्रपुरमला, झालेल्या पूजेची छायाचित्रं झळकली. हिंजवडीतल्या घरांत चर्चा एच-वन-बी व्हिसाची. ती काळजी खरीच होती. पण पेनसिल्व्हेनियातला मतदार महागाईचा हिशोब करत होता आणि त्या राज्याच्या हाती १९ निर्वाचक मतं होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही त्या हरल्या. निर्वाचक मतांची ही पद्धत वाचकाला समजावल्याशिवाय निकालाचा अर्थ सांगता येत नाही.

तरीही परक्याची नजर मला मोलाची वाटते. २००७ मध्ये आम्ही मराठी अभिमानाचे मथळे रचण्यात गुंतलो होतो. प्रजासत्ताकाला महिला राष्ट्रपती मिळायला ५७ वर्षं लागली, ही गोष्ट बाहेरच्यांनी आमच्याआधी ठळक केली. जवळ असल्यानं सगळं दिसतं, हाही दुर्नयच.

म्हणून परदेशातल्या निवडणुकीवर लिहिणाऱ्या तरुण पत्रकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही कुठे उभे राहून पाहिलंत, कोणाशी बोललात आणि कोणापर्यंत पोहोचला नाहीत, हे बातमीतच लिहा. राजधानीतल्या चार विश्लेषकांच्या मताला देशाचा कौल म्हणू नका. ज्यांना आपण पाहिलंच नाही त्यांच्या वतीनं बोलणं हा असत्याचाच प्रकार आहे, आणि तो टाळणं हे पत्रकाराचं पहिलं व्रत आहे.