भार न होण्याची हमी

आमच्या शेजारी राहणारा एक मराठी तरुण परवा कागदांची चळत घेऊन आमच्याकडे आला. व्हाइटफील्डमध्ये बसून तो एका परदेशी कंपनीचे काम करतो. तेच काम आता स्पेनमध्ये राहून करावे, असा त्याचा मानस आहे. सरकारी कागद चाळण्यातच आमचा जन्म जात असल्याने अर्ज एकवार नजरेखालून घालावा, एवढीच त्याची विनंती होती. मात्र जाता जाता त्याने विचारले, "दादा, मी तिथे कोणाची नोकरी घेणार नाही, कोणाकडे काही मागणारही नाही. मग माझ्या जाण्याने कोणाचे काय बिघडते?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र आम्हांला चटकन देता आले नाही.

या परवान्याला 'डिजिटल नोमॅड व्हिसा' म्हणतात. एस्टोनियाने २०२० साली तो सुरू केला, स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने त्याची सोय केली आणि जपानने २०२४ मध्ये एक कोटी येन वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना सहा महिन्यांपुरते दार उघडले. त्या वेळी पात्र देशांत भारत नव्हता. स्पेनच्या अटींत किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न, पदवी अथवा कामाचा अनुभव, आजारपणाच्या खर्चाची तजवीज आणि पोलिसांचा दाखला इतके सारे येते. या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल : आपण आमच्यावर भार होणार नाही, अशी हमी द्या.

'नोमॅड' म्हणजे भटका. हा शब्द वाचून आम्ही क्षणभर थबकलो. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरात तर त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या कुंपणातील वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्याचे पाल गावाबाहेर पडले की गावकऱ्यांच्या कपाळाला आजही आठी पडते. पोलिसांचा कागद तेव्हाही होता, आताही आहे. एका भटक्याला त्या कागदाने जखडले, दुसऱ्याला तोच कागद दार उघडून देतो. तेव्हा जगाला भटकण्याचे वावडे कधीच नव्हते, रिकाम्या खिशाचे होते, असेच म्हणावे लागते.

परंतु खिसा भरलेला असला म्हणजे पाहुणा भार होत नाही, हे तरी खरे काय? लिस्बन, बार्सिलोना येथे घरभाडी इतकी चढली की लोक रस्त्यावर उतरले. त्याचा सारा दोष या पाहुण्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; तथापि जो कोणाची नोकरी घेत नाही, तो कोणाचे घर घेऊ शकतो, हे नाकारता येत नाही. हे समजण्यास व्हाइटफील्डबाहेर जाण्याचेही कारण नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरुच्या कूपनलिका आटल्या आणि टँकरची वाट पाहणे हा नित्यक्रम झाला, तेव्हा ज्यांचे काम पेटीत मावत होते त्यांतले कित्येक आपापल्या गावी गेले. धुणीभांडी करणारी बाई आणि फाटकावरचा रखवालदार येथेच राहिले. जाणाऱ्यांनी कोणाचे काही चोरले नव्हते. पण जमिनीखालचे पाणी सर्वांनी मिळून संपविले होते आणि टंचाई मात्र काहींच्याच वाट्यास आली होती.

याच व्हाइटफील्डची आरंभकथा अगदी उलट आहे. १८८२ साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर, युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांची ही शेतकरी वसाहत वसली. ज्यांना ना इंग्रज आपले मानीत होते ना हिंदी, त्यांनी नांगर धरून आपलेपणा मिळवू पाहिला. प्रयोग फारसा फळला नाही. पण मातीशी देणेघेणे असल्यावाचून माणूस कोठला होत नाही, ही त्यांची समजूत आम्हांला चुकीची वाटत नाही. धारवाडच्या बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. ते कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. त्यासाठी त्यांना मराठी सोडावी लागली नाही.

येथवर लिहून आमचीच आम्हांला शरम वाटली. बदलीने येथे येऊन आम्हांला सहा वर्षे झाली. भाडे वेळेवर देतो, कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण शेजारच्या अज्जींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांचा मुलगा आमच्याशी काय बोलत होता, ते आम्हांला कळले नाही. सहा वर्षांत कन्नडची चार वाक्येही आम्ही शिकलो नव्हतो. बदली सरकारने केली, न शिकणे आमचे होते. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या बिऱ्हाडात हेच घडत असावे.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणास आम्ही म्हणालो, "अर्ज बिनचूक आहे, खुशाल पाठव. तुझ्या जाण्याने कोणाचे बिघडेल की नाही, ते तू तिथे कसा राहतोस यावर ठरेल. घर घेताना त्या गल्लीतला माणूस काय भाडे देतो ते विचार, आणि भाषा शिकायला पहिल्या दिवसापासून लाग." तो हसून म्हणाला, "आणि तुम्ही?"

आम्ही कन्नडची बाराखडी आणली आहे. अज्जी आता थोडे बोलू लागल्या आहेत. आमचे उच्चार त्याच सुधारतात.